उभ्या गाडीचे चाक जाम होते तेव्हा

जून महिना जवळ आला की आपल्या वस्तीतील घराघरांत दोन गोष्टींची गडबड उडते. एक छपरावर ताडपत्री टाकण्याची आणि दुसरी मुलांच्या शाळेची. वह्या, दप्तर, गणवेश, फी यांचा मेळ घालता घालता आईबापांचा जीव मेटाकुटीला येतो. परंतु ज्यांच्या घरची चूल शाळेच्या व्हॅनवर पेटते, त्यांची गडबड याहून वेगळी असते. सुट्टीत दीड-दोन महिने गाडी जागेवर उभी. उत्पन्न बंद, हप्ता मात्र चालू. त्यामुळे शाळेची घंटा कधी वाजते, याची वाट मुलांपेक्षा व्हॅनवालेच अधिक पाहत असतात.

२०२५ सालच्या जूनमधील ही गोष्ट. त्या वर्षी मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला होता. आमच्या वसाहतीतील एका तरुणाची जुनी व्हॅन गटाराकडेच्या उतारावर, भर पावसात तीन आठवडे उभी होती. उतार असल्यामुळे त्याने हँडब्रेक अगदी शेवटपर्यंत ओढून ठेवला होता. शाळेच्या पहिल्या दिवशी पहाटे सहाला तो आंघोळ करून आला, गाडीला हार घातला, इंजिन सुरू केले आणि हँडब्रेक खाली केला. गाडी मात्र जागची हलेना! क्लच सोडला की पुढे झेप घेतल्यासारखी करी आणि मागून बसे. जोर दिला तेव्हा उजवे चाक फिरले, डावे तसेच न फिरता चिखलातून फरफटत गेले आणि मागे हातभर चर पडला.

मग काय, पंचवीस माणसे जमली. एकाने सांगितले, "ट्रकला टोचन लावून ओढ, आपोआप सुटेल." दुसरा म्हणाला, "चाकात रॉकेल नाहीतर डिझेल ओत." तिसरा दोन विटा घेऊन जॅक लावायला धावला, आणि चौथा तर जॅकवर उचललेल्या गाडीखाली निम्मा शिरलाही. तेवढ्यात बस आगाराच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे काम करून निवृत्त झालेले आमचे काका तिथे आले. त्यांनी पहिले काम केले ते त्या पोराचा पाय धरून त्याला बाहेर ओढण्याचे.

"चाक जाम झालं तर दुरुस्त होतं रे," ते म्हणाले, "छाती दबली तर कोण दुरुस्त करणार?"

पुढच्या तासाभरात काकांनी जे केले आणि मुख्य म्हणजे जे करू दिले नाही, ते मी जवळ उभा राहून पाहिले. मी पडलो कारकून माणूस. माझा हात फायलीवर चालतो, पान्ह्यावर नाही. पण आज आपल्या समाजात रिक्षावाले, टॅक्सीवाले, टेम्पोवाले, व्हॅनवाले पुष्कळ आहेत. कोणी बचतगटाचे, कोणी पतपेढीचे कर्ज काढून गाडी घेतलेली असते. तेव्हा काकांकडून समजून घेतलेले चार शब्द सर्वांना उपयोगी पडावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

चाक का चिकटते?

आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. बहुतेक रिक्षांनाही ड्रम ब्रेकच असतात. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे बिडाचे पसरट भांडेच समजा. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लोखंडी ब्रेक शू असतात आणि त्यांच्या पाठीवर लायनर चिकटवलेले असते. आपण पायाने ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलचा दाब व्हील सिलिंडरमध्ये येतो. त्यातले दोन छोटे पिस्टन दोन्ही शूंना बाहेर ढकलतात, लायनर ड्रमला आतून घासते आणि चाक थांबते. हँडब्रेकचे काम मात्र ऑइलवर चालत नाही. ते केबलवर चालते. दांडा ओढला की केबल ताणली जाते आणि तेच शू ड्रमवर दाबले जातात. पाय किंवा हात काढला की आतल्या स्प्रिंगा शूंना मागे खेचतात.

आता बीड म्हटले की गंज आलाच. पावसाचे पाणी, गाडी धुतलेले पाणी, मुंबई-कोकण-गोव्याकडची खारी हवा यांमुळे ड्रमच्या आतल्या बाजूला एका रात्रीत तांबूस थर चढतो. गाडी रोज चालत असेल तर पहिल्या दोन-चार ब्रेकला तो घासून जातो. पण हँडब्रेक ओढून गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली, तर लायनर आणि ड्रम यांच्या मधोमध गंज धरतो आणि दोघांना डिंकासारखा चिकटवून टाकतो. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा लाखो गाड्या महिनोन्‌महिने जागेवर उभ्या राहिल्या. टाळेबंदी उठल्यावर कितीतरी टॅक्सी-रिक्षावाल्यांना हाच अनुभव आला.

परंतु चाक जाम होण्याचे हे एकच कारण नाही. काकांच्या म्हणण्याप्रमाणे चोर चार असतात आणि कोणता चोर हे ओळखल्याशिवाय काठी उगारायची नसते.

पहिला चोर, लायनर ड्रमला चिकटणे. दुसरा, हँडब्रेकची केबल. केबलच्या आवरणात पाणी शिरून आतली तार गंजते. मग दांडा खाली जातो, पण तार ताणलेलीच राहते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समोरचा हँडब्रेकचा लाल दिवा साधारणपणे दांड्याजवळच्या बटणावर चालतो. दिवा विझला म्हणजे दांडा खाली आला, एवढेच समजावे. चाकाजवळचा ब्रेक सुटला, असे समजू नये. तिसरा चोर व्हील सिलिंडर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. ते वर्षानुवर्षे बदलले नाही तर सिलिंडर आतून गंजतो आणि पिस्टन अडकतो. चौथा चोर ब्रेकची रबरी नळी. ती जुनी झाली की आतून फुगते. दाबलेले ऑइल पुढे जाते, पण परत येत नाही आणि ब्रेक लागलेलाच राहतो.

आधी हळुवार, मग जॅक

काकांनी प्रथम गाडी पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढे आणि बॅक गिअरमध्ये हलकेच मागे अशी तीन वेळा डोलावली. क्लच हळू सोडायचा, इंजिनला जोर द्यायचा नाही. गंज ताजा असेल तर एवढ्यानेच आतून 'टक्' असा आवाज येतो आणि चाक सुटते. तीन-चार वेळा करून सुटले नाही, तर थांबायचे. आपली माणसे इथेच चुकतात. हट्टाला पेटून इंजिन रेटतात आणि क्लचप्लेट जाळून घेतात. टोचन लावून ओढले तर चिकटलेले लायनर शूवरून उखडून निघते आणि ड्रममध्येच अडकते. म्हणजे शंभराच्या कामाचे हजारांवर जाते.

आमच्या व्हॅनचे चाक सुटले नाही. मग गाडी चार माणसांनी धरून, थोडी फरफटत, सपाट व कठीण जागेवर घेतली. जॅक लावण्यापूर्वी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडाचे जाड ठोकळे लावले. हे का, तर चाकाची तपासणी करताना हँडब्रेक खालीच असतो, त्याचा आधार नसतो. ज्या गाडीची पुढची चाके इंजिनवर चालतात ती गिअरमध्ये ठेवली तर पुढून थोडीफार धरली जाते. पण अशा व्हॅनची मागची चाके इंजिनवर चालतात. ती गिअरमध्ये ठेवली तर मागचे चाक गिअरनेच धरलेले असेल आणि तपासणी खोटी ठरेल. म्हणून ती न्यूट्रलमध्येच ठेवावी लागते, आणि सारा भरवसा ठोकळ्यांवर.

चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. मग जॅकने मागची डावी बाजू उचलली आणि ताबडतोब चासीखाली लोखंडी स्टँड दिला. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालायचा नाही, हा वर्कशॉपचा पहिला नियम. विटांचा आधार तर मुळीच नको. वीट वजनाखाली अचानक फुटते, सूचना देत नाही.

चाक हाताने फिरवून पाहिले, हलेना. उजवी बाजू तशीच उचलून पाहिली, ते चाक फिरत होते. म्हणजे दोष एकट्या डाव्या चाकाचा. दोन्ही जाम असती तर संशय आधी दांडा आणि मुख्य केबलवर घेतला असता. नंतर काकांनी त्या तरुणाला दांडा वर-खाली करायला सांगून बाजूने वाकून केबल पाहिली. ती सरकत होती आणि दांडा खाली असताना सैल पडत होती. तरी खात्रीसाठी तिचा ताण कमी-जास्त करण्याचा नट सैल केला. चाक जामच. म्हणजे केबलचा चोर सुटला.

मग चाकामागचे हवा काढायचे निपल किंचित उघडले. ऑइलचा दाब अडकून राहिला असता तर तो निघताच चाक मोकळे झाले असते. तेही झाले नाही. निपल परत घट्ट केले. आता नळीवरचा संशय गेला आणि उरले काय? ड्रमला चिकटलेले लायनर किंवा आत अडकलेला पिस्टन.

चाक काढले. ड्रमच्या कडेवर लाकडाचा तुकडा धरून हातोडीने सगळीकडून, थोडे थोडे फिरत, नेमके ठोके दिले. थेट हातोडा बिडावर मारला तर बीड तडकते. चाकाचे आटे असलेल्या बोल्टवर बसला तर आटे बिघडतात. पंधरा-वीस ठोक्यांनंतर 'टक्' झाले आणि ड्रम हाताने फिरला.

जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. तो तरुण तर चाक लावायला धावलाच. मुले नाक्यावर उभी होती, पालकांचे फोन येत होते. पहिल्याच दिवशी गाडी आली नाही तर पालक दुसरी व्हॅन धरणार, ही भीती त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"थांब," काका म्हणाले. "ड्रम उघडल्याशिवाय ही गाडी जाणार नाही."

"काका, सुटलं ना चाक? आजचा दिवस जाऊ द्या. रविवारी उघडू."

"रविवारपर्यंत ज्यांना बसवशील ती कोणाची पोरं आहेत?"

खरे सांगतो, वाचकहो, त्या क्षणी मलाही काकांचा राग आला. हिशेब माझ्या डोक्यात झाला होता. एक दिवसाचे भाडे गेले, दोन पालक तुटले तर महिन्याचे उत्पन्न घटले, आणि हप्त्याची तारीख पाचवर. मीही म्हटले, "काका, गरिबाचं पोट आहे." काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त पान्हा पुढे केला.

पुष्कळ गाड्यांच्या ड्रमला दोन आटेदार भोके असतात. त्यांत बहुधा ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळले की ड्रम आपोआप बाहेर येतो. काही लहान गाड्यांत मात्र ड्रम आणि बेअरिंग एकत्र असतात आणि मधला मोठा नट काढावा लागतो. ते काम जाणत्या मेकॅनिकचेच. ड्रमला आतून कड पडलेली असेल तर अ‍ॅडजस्टर सैल करून शू आत घ्यावे लागतात.

आमचा ड्रम निघाला. आत तांबडी भुकटी भरली होती. तिला फुंकर मारू नये, हवेचा पाइप लावू नये. ब्रेकची धूळ फुप्फुसाला वाईट आणि जुन्या लायनरमध्ये तर अ‍ॅस्बेस्टॉस असे. नाकाला फडके बांधून, भुकटी पाण्याने ओली करून पुसून घ्यायची. पुसल्यावर काकांनी त्या तरुणाचे बोट धरून एका शूवर ठेवले. लायनर निम्म्याहून अधिक लोखंडापासून सुटले होते. बोटाने हलत होते. सिलिंडरची रबरी टोपी उचलली तर आत ओलसर. ऑइल पाझरायला लागले होते.

सगळे गप्प झाले. ते लायनर धावत्या गाडीत तुटून शू आणि ड्रमच्या मध्ये अडकले असते, तर मागचे चाक भर रस्त्यात जागीच आवळले गेले असते. आत मुले, मागून ट्रक. पुढे काय झाले असते, ते सांगायला नको.

तो तरुण खाली बसला. मग उठून स्वतःच एकेका पालकाला फोन केला, "ब्रेकचं काम निघालंय, दोन दिवस गाडी येणार नाही." बहुतेकांनी समजून घेतले. एकाने दुसरी व्हॅन धरली, हेही खरे. पण बाकीचे टिकले, आणि त्यातल्या एका आईने म्हटले, "तू खरं सांगितलंस, म्हणून पोरगी तुझ्याच गाडीत येईल."

दुरुस्ती अर्धी ठेवू नये

दोन्ही मागच्या चाकांचे शू एकाच वेळी बदलले. एका बाजूला नवे आणि एका बाजूला जुने लायनर असेल तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. पाझरणारा सिलिंडर बदलला, ड्रम आतून घासून साफ केले, ऑइल नवे भरले आणि ब्रेकची हवा काढली. ड्रम उघडा असताना ब्रेकचे पायडल दाबू नये, पिस्टन बाहेर उडून पडतात. शेवटी केबलचा ताण पुन्हा जुळवला. नंतर मोकळ्या रस्त्यावर हळू वेगाने ब्रेक पाहिला. दोन-तीन किलोमीटर चालवून थांबल्यावर चाकाजवळ तळहात नेऊन पाहिला, चिकटवायचा नाही. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापले किंवा जळका वास आला, तर ब्रेक अजून घासतो आहे असे समजावे.

ब्रेक ऑइलविषयी दोन शब्द. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते. गाडीच्या पुस्तिकेत जे सांगितले असेल तेच घालावे. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तेच ओलावा शोषल्यावर १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की आत वाफ होते आणि पायडल मऊ पडते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. त्याऐवजी इंजिन ऑइल घातले तर आतली सगळी रबरे फुगून बाद होतात. आणि रॉकेल-डिझेल ओतणाऱ्यांना हात जोडून विनंती. लायनरला तेल लागले की चाक सुटेलही, पण पुढे ब्रेक लागणार नाही. न सुटणाऱ्या चाकापेक्षा न थांबणारे चाक अधिक घातक.

आपल्यातले काही बांधव बस आणि ट्रकवर आहेत. त्या मोठ्या गाड्यांचे एअर ब्रेक निराळे असतात. हवा कमी झाली की पार्किंग ब्रेक आपोआप लागतो, आणि त्याच्या डब्यात प्रचंड ताकदीची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तो डबा घरी कधीही उघडू नये. तसेच काही नव्या गाड्यांत हँडब्रेकला दांड्याऐवजी बटण असते. तिथेही स्वतः हात घालू नये.

जाम होऊच नये म्हणून

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर शक्यतो सपाट जागा पाहावी. पहिल्या किंवा बॅक गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक खाली सोडावा. उतारावर लावणे भागच असेल तर गाडी सरकलीच तर फुटपाथच्या कडेला अडेल अशी चाके वळवून ठेवावीत, ठोकळे मोठे लावावेत आणि गाडी जास्त दिवस तिथे ठेवू नये.

गाडी धुतल्यावर किंवा साचलेल्या पाण्यातून आल्यावर लगेच हँडब्रेक ओढून झोपी जाऊ नये. थोडे अंतर चालवून हलके हलके ब्रेक मारावेत, म्हणजे ड्रम सुकतात.

आठवड्यातून एकदा गाडी दोन-चार हात पुढे-मागे करावी. नुसते इंजिन चालू करून बॅटरीला बरे वाटेल, ब्रेकला त्याचा काही उपयोग नाही.

गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर ड्रम उघडून साफ केल्याशिवाय चालवू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. पाणी ओसरते, पण ड्रममधला गाळ ओसरत नाही.

आणि शाळेची गाडी असेल तर शाळा उघडण्याच्या आठ दिवस आधी चालवून, ब्रेक दाखवून घ्यावी. पहिल्या दिवशी पहाटे नव्हे.

माझ्या त्या सकाळच्या हिशेबात एक रकम लिहायची राहून गेली होती. भाडे, हप्ता, पालक सगळे मी मांडले, पण गाडीत बसणाऱ्या मुलांचा रकाना रिकामाच ठेवला होता. काकांनी शाळा फारशी पाहिली नाही, पण त्यांनी बेरीज तिथूनच सुरू केली. आपल्या घरातील गाडी एकाच्या नावावर असते, परंतु तिचा हप्ता सर्वांच्या ताटातून जातो आणि तिच्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची लेकरे बसतात. म्हणून हा लेख गाडी चालवणाऱ्यानेच नव्हे, तर त्याच्या आईने, पत्नीने आणि शाळकरी मुलांनीही वाचावा. पावसाळ्यात रात्री गाडी लावून तो घरात आला की त्याला एवढेच विचारावे, "ब्रेक सुकवून आलास ना?"